शाळेचा निकाल बघायचा, की तिथे शिकणारी मुलं कोण आहेत ते बघायचं?

पारडीकर_काका (धागाकर्ता) | २६ मे २०२५, सकाळी ७.५०

नमस्कार मंडळी.

दहावीचा निकाल १३ मेला लागला. राज्याचा ९४.१० टक्के, कोकण ९८.८२ आणि आपला नागपूर विभाग ९०.७८, म्हणजे नऊ विभागांत सगळ्यात खाली. तेव्हापासून आमच्या भागातल्या प्रत्येक चौकात 'शंभर टक्के निकालाची परंपरा' असे फ्लेक्स लागले आहेत.

मी बँकेतून निवृत्त झालो आणि पूर्व नागपुरात एका समाजभवनात संध्याकाळी मुलांना गणित शिकवतो. माझ्याकडे येणारी एक मुलगी आठवी पास झाली. तिची शाळा आठवीपर्यंतच आहे. नववीसाठी घराजवळ तीन पर्याय आहेत. एक मनपाची माध्यमिक शाळा, तिचा निकाल यंदा सत्तरीच्या घरात. दुसरी खासगी अनुदानित, तिचा फ्लेक्स लागलेला. तिसरी विनाअनुदानित इंग्रजी शाळा, जिच्यासाठी मुलीचा मामा हट्ट धरून बसला आहे. मुलीची आई चार घरी धुणीभांडी करते. तिनं मला सरळ विचारलं, "सर, कुठं घालू?"

मनपाच्या शाळेत मी अधूनमधून जातो. तिथले गणिताचे सर मनापासून शिकवतात, हे मी मागच्या बाकावर बसून पाहिलं आहे. पण निकाल सत्तर. शंभरवाल्या शाळेत शिकवणं तिच्यापेक्षा इतकं चांगलं आहे, असं मला काही दिसलं नाही. मग हा तीस टक्क्यांचा फरक आला कुठून? निकालाचा आकडा शाळेबद्दल सांगतो, की तिथं येणाऱ्या मुलांच्या घराबद्दल? आणि ही दोन्ही वेगवेगळी करून पालकानं कशी बघायची? अनुभवी लोकांनी कृपया सांगा. शाळा २३ जूनला उघडतील, वेळ फार नाही.


मिहिका_धरमपेठ | २६ मे, सकाळी ८.३०

काका, पालक म्हणून खरं सांगते, आम्ही सगळे निकालच बघतो. दुसरं बघायला काही हातात नसतं.


वऱ्हाडी_ठेचा | २६ मे, सकाळी ९.०५

राजेहो, त्या फ्लेक्सवर कोनाकोनाचे फोटो हायेत ते आधी मोजा. पोट्ट्यायचे कमी अन् अध्यक्षायचे जास्त असन, तं मंग इचार करा.


खडू_फळा | २६ मे, रात्री ९.४५

मी नागपुरात एका अनुदानित शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. काकांचा प्रश्न मला फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शंभर टक्के निकाल बऱ्याच ठिकाणी दहावीत लागत नाही, तो नववीत ठरतो. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण आहे. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आणि पुनर्परीक्षा आली असली तरी शाळेतून काढता येत नाही. नववीत ते छत्र संपतं. मार्च-एप्रिलमध्ये कच्च्या मुलांच्या पालकांना बोलावणं जातं. त्यांना सांगतात, "नापास शेरा बसण्यापेक्षा टीसी घेऊन जा, १७ नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून दहावी द्या." मूल खासगी विद्यार्थी म्हणून बसलं की त्याचा निकाल शाळेच्या नियमित विद्यार्थ्यांत धरला जात नाही. फ्लेक्स तयार.

१७ नंबरची सोय स्वतःत चांगलीच आहे. शाळा सुटून कामाला लागलेल्यांना, लग्न झालेल्या बायकांना तिच्यामुळे दहावी देता येते. पण चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात तो फॉर्म देऊन त्याला शाळेबाहेर काढायचं, हे त्या सोयीचं काम नाही. असं पोर घरी बसतं. त्याला शिकवायला कोणी नाही, प्रात्यक्षिक नाही, दुपारभर वस्तीत भटकायचं. मी नोकरीला लागले त्या शाळेत (नाव घेत नाही) असा एक मुलगा होता. भूमितीत कच्चा, पण विजेचं सर्किट जोडायला बसला की आख्ख्या वर्गाला दाखवायचा. त्याच्या वडिलांनी टीसीच्या अर्जावर अंगठा दिला तेव्हा मी स्टाफरूममध्येच होते. आजही त्या अर्जाचा राग येतो.

मनपाच्या शाळेला असं करता येत नाही. दारात आलेल्या मुलाला घ्यावंच लागतं. शंभर टक्केवाल्यांनी टीसी दिलेली मुलंही तिथंच येतात. त्यामुळे काका, तुमच्या दोन शाळा एका रांगेत उभ्या करून तुलना होतच नाही.


पाचपावलीकर | २६ मे, रात्री ११.२०

मॅडमचं १७ नंबरबद्दल पटलं. पुढचं पटत नाही.

मी मनपाच्याच शाळेत शिकलो. बाप सायकलरिक्षा ओढायचा, आई विड्या वळायची. आज मी अभियंता आहे. आमच्या उत्तर नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जाऊन आलेल्या माणसांची नातवंडं शिकत होती. घरात धान्य नसेल पण बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याखाली आमची वह्या-पुस्तकं. आमच्या आज्यांना सही येत नव्हती, पण पोराचा अभ्यास झाला का हे त्या रोज विचारायच्या.

म्हणून 'मुलं कुठून येतात ते बघा' हे ऐकलं की मला भीती वाटते. हेच वाक्य आमच्या काळी काही गुरुजी बोलायचे. 'या वस्तीची पोरं अशीच.' आणि मग तास न घेता पेपर वाचत बसायचे. एका शाळेचा निकाल वर्षानुवर्षं सत्तरच्या खाली-वर राहत असेल, तर तिथल्या मुख्याध्यापकानं, पर्यवेक्षकानं, महापालिकेच्या शिक्षण विभागानं उत्तर द्यायला हवं. गरिबीला पुढे करून त्यांना सुटका मिळू नये.


खडू_फळा | २७ मे, सकाळी ६.३५

पाचपावलीकर दादा, तुमचा राग रास्त आहे, आणि 'ही पोरं अशीच' म्हणणाऱ्यांची बाजू मी कधीच घेणार नाही. पण मुलं कोण आहेत हे शाळेला माहीत नसेल, तर ती शिकवणार कशी?

एक उदाहरण देते. डिसेंबर ते फेब्रुवारी लग्नसराई. नागपुरात रिंग रोडला, कोराडी रोडला, वर्धा रोडला लॉनची रांग आहे. आमच्या नववी-दहावीतली बरीच मुलं तिथं केटरिंगला जातात. संध्याकाळी पाचला गाडी येऊन वस्तीतून घेऊन जाते, रात्री एक-दीडला सोडते. रोजची मजुरी रोख आणि जेवण. सकाळी सातच्या शाळेला तोच मुलगा येतो. पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर हळदीचा रस्सा वाळलेला, खिशात पाहुण्यांना वाटायचे बडीशेपेचे पुडे, आणि पहिल्या तासाला डोकं बाकावर. ताटं उचलून बोटांना चिरा पडलेल्या असतात, पेन नीट धरवत नाही. पूर्वपरीक्षा नेमकी याच दिवसांत.

पूर्वी आम्ही त्याला उभं करायचो. मग आमच्या मुख्याध्यापिकांनी त्या तीन महिन्यांत गणित आणि विज्ञान मधल्या सुट्टीनंतर ठेवलं, पहिले दोन तास चित्रकला, खेळ असे केले. केटरिंगच्या कंत्राटदारालाही शाळेत बोलावून सांगितलं की चौदाच्या आतलं एकही पोर नेलं तर तक्रार होईल, आणि दहावीच्या मुलांना परीक्षेच्या महिन्यात हात लावायचा नाही. त्यानं ऐकलं. सगळं सुटलं नाही, पण पूर्वपरीक्षेला कोरे पेपर येणं कमी झालं. घर समजून घेऊन शाळेनं स्वतःचं वेळापत्रक हलवलं, इतकंच मला म्हणायचं आहे.


वऱ्हाडी_ठेचा | २७ मे, सकाळी ७.१०

मॅडम, वाचून जीव भरून आला. मी भी केटरिंगले गेलो हावो. गुलाबजामच्या काउंटरवर उभं राहून प्रमेय पाठ केलं होतं, पाहुणा 'अजून एक' म्हने अन् मी 'म्हणून' म्हनो.


रत्नांग्रीकर | २७ मे, दुपारी १.१५

बाहेरचा माणूस म्हणून विचारतो, रागावू नका. गरिबी आमच्या कोकणातही आहे. घरटी एक माणूस मुंबईला, गावात म्हातारी आणि पोरं. तरी आमचा विभाग दरवर्षी पहिला आणि नागपूर नेहमी शेवटी, असं का?


आकडेमोड | २७ मे, दुपारी ४.४०

'नेहमी' नाही. २०२० ला सगळ्यात खाली औरंगाबाद विभाग होता (९२.००), नागपूर ९३.८४. २०२२ ला नाशिक शेवटी, आपण ९७.००. पण २०१८, २०१९, २०२३, २०२४ आणि २०२५ ला आपणच तळाशी, हेही खरं.

दोन गोष्टी लक्षात घ्या. कोकण विभागात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे. नागपूर विभागात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली असे सहा. गडचिरोलीतल्या दुर्गम भामरागडची आश्रमशाळा आणि नागपूर शहरातल्या धरमपेठेतली शाळा एकाच सरासरीत येतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. २०१८ ला राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले अंतर्गत २० गुण काढून टाकले आणि निकाल एकदम ७७.१० वर आला. नागपूर ८५.९७ वरून ६७.२७ वर. कोकण मात्र ८८.३८ वर थांबलं. २०२० ला ते २० गुण परत दिले आणि राज्य ९५.३० वर गेलं. मुलं तशीच, शाळा त्याच, मास्तर तेच. २०२१ ला कोविडमुळे परीक्षाच झाली नाही, तेव्हा तर ९९.९५ टक्के!

म्हणजे उत्तीर्णांची टक्केवारी मूल्यमापनाच्या पद्धतीवर इतकी हलते. आणि २०१९ नं हेही दाखवलं की लेखी पेपरवर एकट्यानं उभं राहायची वेळ आली तेव्हा आपल्या विभागातली मुलं कोकणापेक्षा जास्त कोसळली. ते झाकून चालणार नाही. भाषेच्या लेखी पेपरात मुलं का अडतात हा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो.


नागनदी | २७ मे, संध्याकाळी ६.००

भाषेचं मी सांगतो. मी कळमन्याकडे एका वस्तीत स्वयंसेवक म्हणून मुलांना वाचायला शिकवतो. तिथं छत्तीसगड, बालाघाट, छिंदवाड्याहून आलेली कुटुंबं आहेत. बाप मार्केटमध्ये हमाली करतो, आई मिरचीचे देठ खुडते. घरात छत्तीसगढी, गल्लीत हिंदी, शाळा मराठी. पोरगं पाढे खडाखडा म्हणतं, भागाकार करतं. पण 'एका टाकीचा तीन पंचमांश भाग भरला असता' असं शाब्दिक उदाहरण आलं की पेन खाली. गणित येतं, प्रश्न वाचता येत नाही. मनपाच्या मराठी, हिंदी, उर्दू आणि आता इंग्रजी माध्यमाच्याही शाळा आहेत, पण घराजवळ जी असेल तिथंच पालक टाकतात. माध्यम बघून दूर पाठवायला रिक्षाचे पैसे कुठून आणणार?

त्यात दिवाळीला, शेतीच्या हंगामाला कुटुंब गावी जातं. पटावर नाव, मूल महिनाभर गायब.


गुलमोहर | २७ मे, रात्री ८.२५

मी मोमिनपुऱ्याजवळ उर्दू माध्यमात शिकवते. आमच्याकडे चित्र जरा वेगळं आहे. मुली टिकतात आणि चांगल्या गुणांनी पास होतात. राज्यातही यंदा मुली ९६.१४ आणि मुलगे ९२.३१ टक्के. आमच्या वर्गात हा फरक त्याहून मोठा जाणवतो. मुलगा नववीत गेला की चाचा गॅरेजमध्ये नेतो, मामू हॉटेलात नेतो. "पास होके भी यही करना है तो अभी सीख ले", हे मी वडिलांच्या तोंडून ऐकते आणि गप्प बसत नाही, घरी जाऊन बसते.

एक गोष्ट मंडळींच्या नजरेत यावी. २०२२ पासून अल्पसंख्याक मुलांची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी बंद झाली, फक्त नववी-दहावीला उरली. रक्कम लहान होती, पण त्यातून दप्तर आणि बूट यायचे, आणि आईला शाळेत यायचं एक निमित्त असायचं.


कुंदाताई | २७ मे, रात्री ९.५०

मी अंगणवाडी सेविका आहे. सगळे निकालावर बोलून राहिले, कोणी जेवणाचं बोललं नाही. पोषण आहार आठवीपर्यंतच आहे. नववीत गेलं की खिचडी बंद. समग्र शिक्षा योजनेची फुकट पुस्तकंही आठवीपर्यंतच. पोर चौदा वर्षांचं होते, भूक दुप्पट होते, अन् नेमकं तेव्हाच शाळेतलं ताट जाते. आमच्या वस्तीत नववीच्या पोरी धाकट्या भावाच्या डब्यातली खिचडी खातात. मी डोळ्यांनी पाहते. नववीत पोरं गळतात म्हणता, तं हे पण लिहून ठेवा.


मिहिका_धरमपेठ | २७ मे, रात्री १०.३०

कुंदाताई, हे खरंच माहीत नव्हतं. आठवी-नववीच्या मध्ये इतकं सगळं एकदम तुटतं, हे कोणी सांगतच नाही.

आमच्या सोसायटीच्या चौकीदाराचा मुलगा आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांतून एका इंग्रजी शाळेत होता. हुशार, वक्तृत्वात बक्षिसं. आठवी संपली आणि शाळेनं नववीची पूर्ण फी मागितली, कारण कायदा चौदा वर्षं किंवा आठवीपर्यंतच. ती फी बापाच्या तीन पगारांएवढी होती. शेवटी तो मनपाच्या सेमी-इंग्रजी वर्गात आला. मराठीचा पेपर बघून रडला म्हणे.


टेकडी_गणेश | २७ मे, रात्री ११.०५

आरटीईवरून आठवलं. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला २५ टक्के जागांतून सूट, असा नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला होता. जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं रद्द केला. मला तेव्हाही दोन्ही बाजू कळत होत्या. गरीब मुलांना खासगी शाळेत जागा मिळायलाच हवी. पण वस्तीतली जरा जागरूक आई तिकडे गेली की मनपाच्या शाळेत पालकसभेला भांडणारं कोणी उरत नाही. आमच्या जवळची मनपाची शाळा अशीच रिकामी झाली. पट घसरला, मग शिक्षक कमी, मग आणखी पट घसरला.


खडू_फळा | २८ मे, सकाळी ६.१५

टेकडी_गणेश, पटाचं बरोबर बोललात. संचमान्यतेत शिक्षकांची पदं विद्यार्थिसंख्येवर ठरतात, आणि १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं निकष आणखी कडक केले. त्यामुळे एप्रिल-मेच्या उन्हात, ४४-४५ अंशांत, नागपुरातले शिक्षक मुलं शोधत वस्त्यांतून फिरतात. डोक्याला दुपट्टा, हातात पत्रकं. काही संस्था सायकल, दप्तर, ऑटोचं भाडं देऊ करतात. एका घरी तीन शाळांचे मास्तर एकाच वेळी ओट्यावर भेटतात.

आणि इतकी धावपळ करून आणलेलं मूल नववीच्या शेवटी कच्चं निघालं म्हणून टीसी देतात, हे मला सहन होत नाही.


वऱ्हाडी_ठेचा | २८ मे, सकाळी ८.००

आमच्या घरी तं मास्तर लोक इतके आले का माह्या मायनं चहाची पत्ती वेगळी आनून ठेवली होती. पन खरं सांगतो, त्यातल्या एका सरनंच मले शिकवलं, अन् आज मी महावितरणात लाइनमन हावो.


पाचपावलीकर | २८ मे, सकाळी १०.४५

कुंदाताईंचं वाचल्यावर रात्री बराच वेळ झोप आली नाही. आमच्या वेळी शाळेत सुकडी मिळायची, त्यासाठीही आम्ही जायचो.

तरी माझा मुद्दा मी सोडत नाही. खडू_फळा मॅडमच्या मुख्याध्यापिकांनी वेळापत्रक हलवलं. म्हणजे करता येतं. मग ते सगळ्या शाळांत का होत नाही? ज्या शाळेत गरीब मुलं जास्त, तिथं सगळ्यात अनुभवी शिक्षक हवेत, आणि त्यांना निवडणुकीच्या, बीएलओच्या (मतदारयाद्यांच्या) कामातून मोकळं ठेवायला हवं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरी कामं द्यायची नाहीत असं लिहिलंय. पण त्या तीन दारांतूनच अर्धं वर्ष निघून जातं.


पारडीकर_काका | २८ मे, रात्री ९.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

आज पुन्हा दोन्ही शाळांत गेलो. प्रवेशाच्या कामासाठी दोन्हीकडे कार्यालय उघडं होतं. खडू_फळा मॅडमचं वाचून एकच प्रश्न विचारला: दोन वर्षांपूर्वी नववीच्या पटावर किती मुलं होती, आणि त्यातली यंदा दहावीला तुमच्याकडून किती बसली? मनपाच्या शाळेत लिपिकानं हजेरीपट काढून समोर ठेवला. जवळपास सगळी बसली होती. जी दिसली नाहीत ती कुठे गेली तेही तिथल्या मॅडमनी नावानं सांगितलं. एक कुटुंब गावी परतलं, एका मुलीचं लग्न झालं, एक हिंगण्याला एमआयडीसीत जातो आणि त्याला परत आणायचं चाललंय. दुसऱ्या शाळेत सांगितलं, ही माहिती बाहेरच्यांना देत नाही. त्यांचाही नियम असेल, पण मुलीच्या आईलाच पुढच्या वेळी सोबत नेणार आहे.

मनपाच्या शाळेत प्रयोगशाळेचं कपाटही उघडायला लावलं. परीक्षानळ्या धुतलेल्या होत्या, लिटमस कागद ताजा. म्हणजे वापरात आहे.

आता मामाचा इंग्रजी शाळेचा हट्ट राहिला. एक सांगायचं राहिलं होतं: मुलगी एनएमएमएसच्या (आठवीत देतात त्या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या) निवडयादीत आली आहे. त्याचा या निवडीशी काही संबंध आहे का?


आकडेमोड | २८ मे, रात्री ९.४०

काका, संबंध? तोच तर मोठा मुद्दा आहे! आधी त्या मुलीचं अभिनंदन. राज्याचा कोटा ११,६८२ आहे, त्यात येणं सोपं नाही.

वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी. पण ही शिष्यवृत्ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घातलं तर ती जाईल. चार वर्षांचे ४८,००० रुपये आणि वर फी. मामाला हे कागदावर मांडून दाखवा.


खडू_फळा | २८ मे, रात्री १०.१०

आणि दरवर्षी नूतनीकरण राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करावं लागतं. शाळेनं पडताळणी वेळेत केली नाही तर मुलीचा हप्ता बुडतो. म्हणून प्रवेश घेताना विचारा, शिष्यवृत्तीचं काम कोणते सर बघतात आणि मागच्या वर्षीच्या मुलांचे पैसे जमा झाले का. नववीतून दहावीत तिनं पहिल्याच फटक्यात जायला हवं, नाहीतर तिथंच बंद. मनपाच्या शाळेतले तुमचे गणिताचे सर नववीलाच शिकवतात ना, तेही बघून घ्या. काही ठिकाणी चांगला शिक्षक फक्त दहावीला ठेवतात.


नागनदी | २८ मे, रात्री १०.३०

कुणाची मुलं एनएमएमएस पास झाली पण गुणवत्तायादीत आली नाहीत, आणि कुणबी किंवा मराठा असतील, तर सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती बघा. वर्षाला ९,६०० रुपये. आमच्याकडे दोन मुलांना मिळते. बऱ्याच शाळा सांगतच नाहीत.


मिहिका_धरमपेठ | २९ मे, सकाळी ७.४५

काका, घरापासून अंतर पण बघा. मुलगी आहे, हिवाळ्यात जादा तास सुटेपर्यंत अंधार पडतो. पारडीच्या रस्त्यावर ट्रक किती असतात, तुम्हाला माहीतच आहे.


पारडीकर_काका | २९ मे, रात्री ८.५५

तिच्या आईला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ज्या शाळेनं गेलेल्या पोराचं नाव सांगितलं, तिथं घालते." मनपाची शाळा ठरली. मामा अजून रुसलेला आहे, पण ४८,००० चा कागद त्यानं खिशात ठेवून घेतला.

अंतर पायी दहा मिनिटं, रस्ता ओलांडावा लागत नाही. जादा तासाच्या दिवशी आमच्या समाजभवनातल्या मोठ्या मुली सोबत येतील.

त्याच शाळेतली यंदा नापास झालेली मुलं पुरवणी परीक्षेला बसत आहेत. ती २४ जूनला सुरू होते आहे. बहुतेकांचं गणित राहिलं आहे. मी एकटा पुरा पडत नाही. इंग्रजीलाही कोणी हवं आहे.


पाचपावलीकर | २९ मे, रात्री ९.१५

मी येतो. रविवारी पूर्ण दिवस आणि बुधवारी संध्याकाळी सातनंतर. समाजभवनाचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मुलांना सांगा, मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका मी झेरॉक्स करून आणतो, विकत घेऊ नका.


गुलमोहर | २९ मे, रात्री ९.३०

इंग्रजीला मी येईन, शनिवारी दुपारी. सोबत आमच्याकडची दोन मुलं आणली तर चालेल ना? त्यांचंही गणितच राहिलं आहे.


वऱ्हाडी_ठेचा | २९ मे, रात्री ९.३५

मले शिकवता येत नाई, पन समाजभवनातले पंखे अन् लाइट मी पाहून देतो. जूनच्या उकाड्यात पोट्टे बसतीन कसे? रविवारी सकाळी टेस्टर घेऊन येतो.


कुंदाताई | २९ मे, रात्री १०.००

काका, त्या पोरीच्या आईला सांगा, उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेव. एनएमएमएसला साडेतीन लाखाच्या आतला लागते. जूनमध्ये सेतू केंद्रात अकरावीवाल्यांची गर्दी उसळते, मग आठ-आठ दिवस हेलपाटे. आधारवरचं नाव, शाळेतलं नाव अन् बँकेतलं नाव एकच आहे का तेही बघा. आमच्या वस्तीत एका पोरीचं आडनाव एका अक्षरानं चुकलं, तं वर्षभराचे पैसे अडकले. सोबत कोणी नसन तं मी सोमवारी जाते तिच्यासंगं.